आपल्याच्यानें कसें होईल?

मराठी घरांत एक वाक्य फार प्रेमानें बोललें जातें. मुलानें शर्यतीस नांव द्यावें म्हटलें, सुनेनें सभेंत चार शब्द बोलावे म्हटलें, किंवा एखाद्या सालस गृहस्थानें गांवच्या पंचायतीस उभें राहावें म्हटलें, कीं उत्तर तयार असतें: "छे, तें आपल्याच्यानें कसें होईल?" हें वाक्य वरवर नम्रतेचें असतें, म्हणून त्यास कोणी दोष देत नाहीं. परंतु एक माणूस नव्हे, तर सबंध समाज जेव्हां हेंच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत राहतो, तेव्हां तें नम्रतेचें राहत नाहीं. त्याचें कुंपण होतें. विशेष असें कीं, कुंपण घालणारा निघून गेला तरी आंतला माणूस त्याची डागडुजी स्वतःच करीत राहतो. नागपूर-भंडाऱ्याकडील कांहीं स्त्रीपुरुषांनीं हें कुंपण कसें ओलांडलें, ही हकीकत श्रोत्यांनीं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला, वैनगंगेच्या खोऱ्यांत, लाखांदूर आहे. जवळच गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, म्हणजेच देसाईगंज. वरच्या अंगाला पवनी हें प्राचीन नगर. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. कोहळी पाटलांनीं बांधलेले तलाव, गांवोगांवच्या लहान बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या धानाच्या बांध्या ही या भागाची खरी संपत्ति. पाऊस पडला म्हणजे रोवणी करावयाची आणि तो अडवून ठेवला असेल तरच पीक घरीं आणावयाचें, ही येथील रीत. ज्या समाजाची गोष्ट आज सांगावयाची, तो या बांध्यांत राबत होता. परंतु गांवच्या विहिरीवर त्याला पाणी भरतां येत नव्हतें.

या भागांतील महार समाजाची स्थिति देशावरील स्थितीहून थोडी निराळी होती. येथें पुष्कळ महार कुटुंबें हातमागावर जाडेंभरडें कापड विणीत. कोणी गांवची कोतवाली करी. कोणी शेतांत मजुरी करी, आणि थोड्यांच्या नांवानें स्वतःची जमीनहि होती. १८७७ साली नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढें हातमाग टिकेनासे झाले, आणि मागावरचा माणूस गिरणीकडे वळला. गिरणीनें त्याचा परंपरागत धंदा घेतला, पण त्याच्या बदल्यांत रोख मजुरी आणि शहराची हवा दिली. गांवीं त्याच्या बापाला जोहार घालावा लागे. येथें भोंगा वाजला कीं सर्वांना सारखेंच धांवावें लागे. विचारांत पालट होण्यास केवळ उपदेश पुरत नाहीं, परिस्थितीचीहि थोडी साथ लागते, हें प्रथमच सांगितलेलें बरें. नाहींतर सारा दोष माणसाच्या मनावर ढकलून, विहिरीवर पहारा करणारे मोकळे सुटतात.

तरीहि परिस्थिति पालटली म्हणजे मन आपोआप पालटतेंच असें नाहीं. गिरणींत नोकरी लागली, चार पैसे गांठीस आले, तरी मुलाला शाळेंत घालावयाचें म्हटलें कीं तेंच वाक्य पुढें येई. अक्षरें हा आपला प्रांत नव्हे, तीं वरच्यांचीं. हें पहिलें कुंपण.

हें कुंपण ओलांडणाऱ्यांत किसन फागू बनसोडे यांचें नांव अग्रभागीं येतें. १८७९ सालीं नागपूर जिल्ह्यांतील मोहपा येथें त्यांचा जन्म झाला. नागपुरांत त्यांनीं समाजसंघटनेचें काम आरंभिलें आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच मुलींसाठीं चोखामेळ्याच्या नांवानें शाळा काढली. ज्या काळीं सुशिक्षित पांढरपेशांच्या घरांतहि मुलीला शाळेंत धाडावें कीं नाहीं यावर वाद होत, त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील एका माणसानें मुलींची शाळा काढावी, हें साधें काम नव्हतें. त्यांच्या पत्नी तुळसाबाई याहि या कार्यांत त्यांच्या बरोबर होत्या. १९१० च्या सुमारास बनसोड्यांनीं स्वतःचा छापखाना घातला. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशीं त्यांच्या पत्रांचीं नांवें आहेत. हीं चार नांवें एकापुढें एक ठेवून वाचलीं तरी एका मनाचा प्रवास दिसतो. प्रथम 'निराश्रित', परंतु लगेच त्याच नांवांत 'नागरिक' हा शब्द. पुढें विटाळाचा विध्वंस, त्यानंतर मजुराचा हक्क.

छापखान्याचें महत्त्व येथें नीट समजून घेतलें पाहिजे. दुसऱ्याच्या पत्रांत आपलें गाऱ्हाणें छापून येणें ही एक गोष्ट, आणि आपल्या पत्रांत आपला अभिप्राय आपण छापणें ही अगदी दुसरी गोष्ट. अमेरिकेंतील फ्रेडरिक डग्लस याच्या चरित्रांत हा भेद स्पष्ट दिसतो. डग्लस गुलामींत जन्मला, चोरून अक्षरें शिकला, आणि १८३८ सालीं पळून मुक्त झाला. गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून झटणाऱ्या गोऱ्या सज्जनांनीं त्याला व्यासपीठावर आणलें. परंतु थोड्याच दिवसांत ते त्याला सुचवूं लागले कीं, तूं फक्त आपली कहाणी सांग. तिच्यावरचें तत्त्वज्ञान आम्ही पाहूं. ते सारे त्याचे हितचिंतक होते. त्यांच्या मनांत कपट नव्हतें. तरी डग्लसला ही वांटणी मानवली नाहीं. अनुभव माझा आणि विचार मात्र तुमचा, हें कसें चालेल? १८४७ सालीं त्यानें रॉचेस्टर येथें स्वतःचें वृत्तपत्र काढलें. शत्रूनें घातलेलें कुंपण ओलांडण्यास जितकें धैर्य लागतें, त्याहून अधिक धैर्य मित्रानें घातलेलें कुंपण ओलांडण्यास लागतें.

हीच कसोटी १९२० सालीं नागपुरांत लागली. तारखा होत्या ३० मे ते १ जून; अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचें अधिवेशन, आणि अध्यक्ष कोल्हापूरचे शाहू महाराज. १९१९ च्या सुधारणांच्या कायद्यानें नवीं कायदेमंडळें अस्तित्वांत यावयाचीं होतीं, आणि त्यांत अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधि कोणीं निवडावयाचे हा त्या वेळचा कळीचा प्रश्न होता. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ सालीं स्थापिलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या वतीनें अशी भूमिका मांडण्यांत आली होती कीं, हे प्रतिनिधि कायदेमंडळाच्या सभासदांनीं निवडावे. सरकारनें वा अस्पृश्यांच्या संस्थांनीं नव्हे. शिंद्यांची तळमळ आणि त्यांचा त्याग यांविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. शाळा, वसतिगृहें आणि जागृति यांसाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें. परंतु त्या भूमिकेच्या पोटांत तेंच जुनें वाक्य दडलेलें होतें. फक्त त्यांतलें सर्वनाम पालटलें होतें. 'आपल्याच्यानें कसें होईल' याऐवजीं 'त्यांच्याच्यानें कसें होईल' असें तें झालें होतें.

परिषदेस आलेल्या २९ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं नेमकें यावर बोट ठेवलें. ज्या माणसाची निवड वरच्या वर्गाच्या मतांवर अवलंबून, तो तोंड उघडण्यापूर्वीं कोणाच्या चेहऱ्याकडे पाहील? प्रतिनिधि अस्पृश्य असणें पुरेसें नाहीं. त्याला निवडणारेहि तेच असले पाहिजेत. मिशनशीं संबंध असलेले गणेश आकाजी गवई यांच्यासारखे वऱ्हाड-नागपुराकडील कार्यकर्ते परिषदेंत होते. त्यामुळें हा वाद परक्यांशीं नव्हता, तो घरांतलाच होता. अखेर परिषदेनें मिशनच्या भूमिकेचा निषेध केला. त्याच वर्षाच्या मार्चांत माणगांवच्या परिषदेंत शाहू महाराजांनीं त्या समाजास तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे असें सांगितलें होतें. एक राजा स्वतः होऊन बाजूला सरतो आणि म्हणतो, मी नव्हे, हा तुमचा. हेंहि त्या काळांत विरळा असलेलें औदार्य होतें. दुसऱ्याला मोठें होऊं देणें हेंहि पुढारीपणाचें एक अंग आहे.

त्या नागपूरच्या मुक्कामांत आणखी एक गोष्ट घडली. ती सभेच्या ठरावांइतकी गाजली नाहीं, पण तिचें महत्त्व कमी नाहीं. महार समाजांतहि पोटजाती होत्या आणि त्या एकमेकींच्या पंगतीस बसत नसत. वरच्यांनीं आपल्याला दूर ठेवलें म्हणून तक्रार करावयाची, आणि आपण आपल्याच भावाला दूर ठेवावयाचें, असा हा व्यवहार. परिषदेनंतर या पोटजातींच्या पुढाऱ्यांना एकत्र बोलावून त्यांचें सहभोजन घडविण्यांत आलें. जो स्वतःच्या घरांतली भिंत पाडीत नाहीं, त्याला गांवची भिंत पाडण्याचा अधिकार उरत नाहीं, हें या पंगतीनें सांगितलें. पंगतींतला एक घांस कधीं कधीं भाषणाहून मोठें काम करतो.

त्याच सुमारास मध्यप्रांताच्या कायदेमंडळांत गवई आणि गोंदियाचे कालीचरण नंदागवळी यांची सरकारनियुक्त सभासद म्हणून नेमणूक झाली. गोंदिया त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांतच होतें; १९९९ सालीं तो स्वतंत्र जिल्हा झाला. नंदागवळींनीं गोंदियास मुलींच्या शिक्षणासाठीं शाळा चालविली. म्हणजे अक्षरांचें पहिलें कुंपण आणि प्रतिनिधित्वाचें दुसरें, अशीं दोन्ही कुंपणें या भागांत एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत मोडूं लागलीं. तरी या सर्व हकीकतींत एक उणीव श्रोत्यांच्या लक्षांत आली असेल. शाळा मुलींसाठीं निघत होत्या, परंतु काढणारे बहुधा पुरुष होते. परिषदा भरत होत्या, परंतु व्यासपीठावर बहुधा पुरुषच होते. पुढारी म्हटला कीं पागोटेंच डोळ्यांपुढें येई. हें तिसरें कुंपण, आणि तें सर्वांत घरगुती असल्यामुळें सर्वांत चिवट.

उमरेड हें गांव पवनी-लाखांदुराहून नागपुराकडे जातांना वाटेच्या बाजूस लागतें. १८९२ सालीं त्या गांवीं जाईबाई चौधरी यांचा जन्म झाला. दुष्काळाच्या दिवसांत कुटुंब नागपुरास आलें, लहान वयांतच लग्न झालें, आणि पोटासाठीं जाईबाई हमाली करूं लागल्या. नागपूर ते कामठी अशी त्यांची ओझ्याची वाट होती. ग्रेगरी नांवाच्या एका मिशनरी बाईंचें सामान वाहतांना त्यांची ओळख झाली. या मुलीच्या डोक्यावर ओझें आहे, पण डोक्यांत कांहीं कमी नाहीं, हें त्या बाईंनीं ओळखलें. त्यांनीं तिला लिहावयास-वाचावयास शिकविलें आणि मिशनच्या शाळेंत शिक्षिकेची जागा दिली. महिना ४ रुपये पगार.

येथें कोणतीहि सुबोध गोष्ट संपली असती. परंतु इतिहास सुबोध नसतो. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते हें कळतांच वरच्या जातींच्या पालकांनीं मुलें शाळेंतून काढण्यास आरंभ केला, आणि जाईबाईंची नोकरी गेली. या प्रसंगीं 'हें आपल्याच्यानें होणार नव्हतेंच' असें म्हणून पुन्हा ओझें उचललें असतें, तर त्यांना कोणी नांवें ठेविलीं नसतीं. जगानें त्यांना पुरावाच दिला होता. मनाला बांधून टाकणारे विचार बहुधा खोट्या भासावर उभे नसतात. ते खऱ्या अनुभवावर उभे असतात, आणि म्हणूनच ते हलत नाहींत. माणूस एकदां पडतो आणि त्या पडण्याचा नियम करून टाकतो. जाईबाईंनीं त्या घटनेचा अर्थ निराळा लावला. शिकविणें मला जमत नाहीं असें कांहीं सिद्ध झालें नाहीं. दुसऱ्याच्या शाळेंत माझी जागा दुसऱ्याच्या मर्जीवर राहते, एवढेंच सिद्ध झालें. मग शाळाच स्वतःची काढावी. १९२२ सालीं त्यांनीं नागपुरांत संत चोखामेळा मुलींची शाळा काढली. हीच शाळा पुढें त्यांच्या सार्वजनिक कार्याचा पाया झाली.

पंधरा वर्षांनीं त्यांची दुसरी परीक्षा झाली. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचें अधिवेशन नागपुरांत भरलें. स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या त्या सुशिक्षित स्त्रियांच्या परिषदेंत जेवणाची वेळ आली तेव्हां अस्पृश्य वर्गांतील स्त्रियांची पंगत वेगळी बसविण्यांत आली. ही वागणूक त्यांनीं मुकाट्यानें सोसली नाहीं. १ जानेवारी १९३८ रोजीं नागपुरांत निषेधाची सभा झाली, आणि जाईबाई त्यांत पुढें होत्या. सुधारणेच्या मांडवांतहि पत्रावळ कोठें मांडली जाते हें पाहण्याची नजर त्यांना आलेली होती. मांडवांत बोलावलें यांतच धन्यता मानावयाची, हाहि बांधून ठेवणाऱ्या विचारांतला एक विचार आहे. आणि तो बायकांना व गरिबांना फार गोड करून शिकविला जातो.

या तयारीचें फळ १९४२ च्या जुलैंत दिसलें. नागपुरास अस्पृश्य वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. त्याच वेळीं शेड्यूल्ड कास्ट्‌स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्याच मांडवांत २० जुलै रोजीं स्त्रियांची परिषद झाली. अध्यक्षस्थानीं अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्वागताची धुरा कीर्तिबाई पाटील यांच्याकडे होती, आणि इंदिराबाई पाटील कार्यवाह होत्या. त्या वेळच्या वृत्तांतांप्रमाणें सुमारें २५,००० स्त्रिया जमल्या होत्या. डॉ. आंबेडकर त्याच महिन्यांत व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळांत मजूरमंत्री म्हणून नेमले गेले होते. त्यांनीं या परिषदेंत भाषण करून समाजाच्या प्रगतीचें माप स्त्रियांच्या प्रगतीनें घ्यावें असें सांगितलें.

पण सत्कार आणि भाषणें बाजूला ठेवून त्या परिषदेचे ठराव पाहावे. घटस्फोटाचा हक्क असावा. एक बायको असतां दुसरी करण्यास बंदी असावी. गिरण्या, विड्यांचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या स्त्रियांना भरपगारी रजा, अपघाताची भरपाई आणि म्हातारपणीं पेन्शन मिळावें. गिरण्यांत स्त्री कामगारांवर देखरेखीस स्त्रियाच नेमाव्या. मुलींसाठीं सरकारी खर्चानें वसतिगृहें असावीं. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा असाव्या. अध्यक्षीणबाईंनीं संततिनियमनाचाहि विषय उघडपणें मांडला. विड्या वळणें हा भंडारा-गोंदियाकडील हजारों बायकांचा धंदा. त्या धंद्याचा उच्चार या ठरावांत आहे. तेंदूच्या पानावर दिवसभर बोटें फिरविणारी बाई रजेचा आणि पेन्शनीचा विचार करूं लागते, तेव्हां तिनें किती मोठी मजल मारलेली असते याची कल्पना घरबसल्या येणें कठीण आहे. दया नको, नियम हवा. ही भाषा त्या ठरावांची आहे. हा बदल एका भाषणानें झाला नाहीं. बनसोड्यांच्या छापखान्यापासून ते या मांडवापर्यंत तीस वर्षें लागलीं.

या स्त्रियांपैकीं कितीजणींचीं नांवें आज ठाऊक आहेत? फार थोड्यांचीं. १९८९ सालीं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनीं 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां यांतील अनेक स्त्रिया पुस्तकी इतिहासांत प्रथमच आल्या. पुस्तकाचें नांवच 'आपल्याच्यानें कसें होईल' या प्रश्नाचें उत्तर आहे.

आतां पराभवाविषयीं. पुढारीपणाच्या वाटेवर जय मिळत गेला तर कुंपण ओलांडणें सोपें. परंतु पराभव झाला म्हणजे जुना विचार पुन्हा दार ठोठावतो. भंडारा जिल्ह्याला याचा मोठा धडा १९५४ सालीं मिळाला. लोकसभेच्या भंडारा मतदारसंघांत पोटनिवडणूक होती. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १९५२ सालीं मुंबईंत पराभूत झालेले डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठीं उभे होते. प्रत्येक मतदारास दोन मतें. कांहीं अनुयायांचें म्हणणें असें कीं, आपल्या मतदारांनीं एक मत बाबासाहेबांना द्यावें आणि दुसरें कोणासच न देतां वाया घालवावें. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लाभ होणार नाहीं. आंबेडकरांनीं तें मान्य केलें नाहीं. ज्यानें संविधानाचा मसुदा घडविला त्यानें लोकांना मत फुकट घालवावयास कसें सांगावें? निवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले; राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनीं जिंकली. आंबेडकर पडले.

जिल्ह्यांतल्या अनेक घरांत त्या दिवशीं चूल पेटली नसेल तर नवल नाहीं. ज्या माणसाकडे पाहून एक समाज ताठ उभा राहावयास शिकला, तो त्यांच्याच दारांत हरला. परंतु दोनच वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखों माणसें जमलीं, त्यांत भंडाऱ्याकडील खेड्यांतून आलेल्यांची संख्या थोडी नव्हती. त्यांनीं पराभवाचा अर्थ 'आपण त्या लायकीचे नाहीं' असा लावला नाहीं. पुढें १९६९-७० सालीं पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, तेव्हां वैनगंगेच्या कांठच्या लोकांना आपण नवें कांहीं स्वीकारलें नसून आपल्याच मातींत पुरलेलें कांहीं उचललें, असें वाटलें असल्यास तें स्वाभाविकच आहे.

येथपर्यंतची कथा एका दिशेनें चढत जाणारी वाटेल. पण तिच्यांत एक वळण आहे, आणि तें सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाहीं. बनसोड्यांच्या पिढीचा आदर्श संत चोखामेळा होता. शाळांना त्याचें नांव, पत्राला त्याचें नांव. चोखोबा देवाच्या दाराबाहेर उभा राहिला, आणि १३३८ सालीं मंगळवेढ्याचें कुसूं बांधतांना त्याखालीं गाडला गेला. त्याच्या भक्तीनें त्या पिढीला स्वत्व दिलें: आमच्यांतहि संत झाला, मग आम्ही हीन कसे? परंतु दाराबाहेर उभें राहण्याचीहि सवय त्या आदर्शांत होती. १९३५ सालीं येवल्यास आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली, तेव्हां बनसोडे त्यांच्या मागें गेले नाहींत. ज्या शिडीनें ते वर चढले, तिच्याच शेवटच्या पायरीवर ते थांबले. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. प्रत्येक पिढी एक कुंपण मोडते आणि दुसऱ्या कुंपणाला आधार समजून टेकून बसते. पुढच्या पिढीचें काम तें दुसरें कुंपण ओळखण्याचें असतें, मागच्या पिढीला हंसण्याचें नव्हे.

मग आंबेडकरांच्या पिढीचें कुंपण कोणतें? याचें उत्तर त्यांनीं स्वतःच देऊन ठेवलें आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं संविधानसभेंतील भाषणांत त्यांनीं इशारा दिला कीं, धर्मांत भक्ति मुक्तीकडे नेत असेल, परंतु राजकारणांत व्यक्तीची भक्ति अधःपाताकडे आणि शेवटीं हुकूमशाहीकडे नेते. ज्याच्याभोंवतीं लाखों लोक भक्तीनें जमत होते, त्यानेंच हें सांगावें! 'आपल्याच्यानें कसें होईल' या वाक्याचें एक नवें, सभ्य रूप त्यांनीं आधींच हेरलें होतें: 'आपल्याला विचार करण्याची गरज काय, साहेब आहेत ना.' जुन्या वाक्यांत माणूस देवावर किंवा वरच्या जातीवर भार टाकतो. नव्या वाक्यांत पुढाऱ्यावर. दोन्ही ठिकाणीं स्वतःचें डोकें तो गहाण ठेवतो. पुढारी खरा कीं खोटा याची परीक्षा येथेंच होते. खोट्या पुढाऱ्याभोंवतीं माणसें दिवसेंदिवस लहान होत जातात. खऱ्या पुढाऱ्याभोंवतीं एकेक माणूस उभें राहूं लागतें.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाहीं. २४ एप्रिल १९९३ रोजीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलांत आली आणि गांवच्या पंचायतींत स्त्रियांना निदान एकतृतीयांश जागा मिळाल्या. २०११ सालीं महाराष्ट्रानें त्या अर्ध्यापर्यंत नेल्या. १९४२ च्या मांडवांत मागितलेली एक गोष्ट अशा रीतीनें अर्ध्या शतकानें कायद्यांत उतरली. भंडारा जिल्ह्यांत, लाखांदुरासारख्या तालुक्यांत, धानाच्या बांधींत पऱ्हे रोवणारी बाई आज सरपंचाच्या खुर्चीवर बसूं शकते. परंतु कित्येक गांवीं खुर्चींत ती बसते आणि बोलतो तिचा नवरा. सही तिची आणि निर्णय दुसऱ्याचा. कायद्यानें दार उघडलें, पण उंबरठा ओलांडावयाचा तो पायानेंच. आणि तो पाय मागें ओढणारें वाक्य बहुधा सरकारी कचेरींत नव्हे, तर घराच्या स्वयंपाकघरांत, प्रेमळ माणसांच्या तोंडून निघतें.

म्हणून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि हा इतिहास दुसऱ्या कोणाचा म्हणून ऐकूं नये. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईची मुलगी पुढें शिकूं इच्छिते तेव्हां आपण काय म्हणतों; कचेरींत हाताखालचा माणूस निराळें मत देतो तेव्हां 'तुला काय समजतें' असा आपला चेहरा होतो कीं नाहीं; आणि आपल्याच मुलीनें वडिलांपेक्षां निराळा निर्णय घेतला तर आपण तो तिचा मानतों कीं आपला अपमान मानतों; या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येकानें आपल्यापाशीं तपासावीं. कुंपण आंतून जितकें मोडावें लागतें, तितकेंच बाहेरूनहि मोडावें लागतें. ग्रेगरी बाईंनीं एका हमाल मुलीला अक्षरें दिलीं, शाहू महाराजांनीं एका तरुणाला जागा करून दिली; त्यांचा वांटा लहान नाहीं. परंतु नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीं काय करावयाचें, हें जाईबाईंना कोणी सांगितलें नव्हतें. तें त्यांनीं स्वतः ठरविलें. पुढारीपण म्हणतात तें तेथून सुरू होतें.